सगुणमामाचं मेलेलं नाक

सगुणमामाला वास येत नाही, हे आमच्या हायर सेकंडरीत प्रवेशाच्या फॉर्मबरोबरच कळायचं. एकोणीस वर्षं मायनीवर, म्हणजे खाणीवर काढली, लाल धूळ नाकात गेली, तिथंच बसली आणि आतून सगळं सिमेंट झालं, असं जुनी मुलं नव्या मुलांना सांगायची. पुराव्याला केमिस्ट्रीची लॅब होतीच. बारावीचं क्षारांचं प्रॅक्टिकल लागलं की सडक्या अंड्यांचा वायू सुटतो. मुली ओढणीत तोंड घालतात, मुलगे ओकारीची नाटकं करतात, सर खिडकीबाहेर डोकं काढून तिथूनच मार्क सांगतात. आणि आमचा लॅब अटेंडंट सगुणमामा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून उंडो, म्हणजे गोल कडक पाव मोडतो, पातळ भाजीत बुडवतो आणि सावकाश चावतो. घाई म्हणून नाही.

गॅदरिंगला मी ते स्टूल स्टेजवर नेऊन सगुणमामा झाले होते. नाकाखाली पुठ्ठ्याचा बांगडा धरला, छाती भरून श्वास घेतला आणि त्याच्या आवाजात म्हटलं, "मोगऱ्याचो हंगाम सुरू झालो गो." हॉलभर लोक लोळले. सगुणमामा विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होता, तोही हसला. त्यामुळे अफवेवर शिक्काच बसला. माणूस स्वतः हसतोय म्हणजे खरंच असणार.

तर ते साफ खोटं आहे. सगुणमामाइतकं जिवंत नाक मी दुसरं पाहिलेलं नाही, कुत्र्यांसकट. तो लॅबमध्ये जेवायचा कारण स्टाफरूममध्ये जेवणाच्या सुट्टीआधी लॅव्हेंडरचा फवारा मारायचे. "अंडा सडला काय सडल्यासारखा घाणता," तो मला नंतर म्हणाला. "ता खरा बोलता. तो फवारो काय बोलता? संडासात लग्नाचो मांडव घातल्यासारखो." हे सांगताना त्याचं नाक डाव्या बाजूला दुमडलं आणि वरचा ओठ त्याच्यामागून गेला. हा चेहरा मी आजवर पंधरावीस वेळा आरशात करून पाहिला, पण माझं नाक तेवढं दुमडत नाही.

सगुणमामाचे आईबाप दोडामार्गातून गोव्यात मायनीच्या कामाला आले आणि डिचोलीजवळ सर्वणला राहिले. तोही मायनीवरच लागला, सँपलर म्हणून. सँपलर म्हणजे मालाचा नमुना काढणारा. खनिजाचा ढीग पडला की त्यात लोखंड किती ते प्रयोगशाळा सांगणार, पण प्रयोगशाळेला सगळा डोंगर कसा देणार? म्हणून सँपलरनं ढिगाच्या डोक्यावरून एक फावडं घ्यायचं, कमरेतून एक, पायथ्याशी एक, पाठीमागून एक. सगळं एकत्र कालवून भाकरीसारखं थापायचं. फावड्यानं तिचे चार तुकडे करायचे, समोरासमोरचे दोन फेकून द्यायचे. उरलेले दोन पुन्हा कालवायचे, पुन्हा थापायचे, पुन्हा चार तुकडे. असं करत करत शेवटी मूठभर माती उरते. ती पिशवीत भरायची, चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर सही करायची. "ती मूठ सगळ्या ढिगाच्या वतीन बोलता," सगुणमामा म्हणायचा. "ती खोटा बोलली तर ढीग काय करतलो? तेका तोंड नाय."

मायनी बंद पडल्या तसे ट्रक अंगणात गंजत राहिले आणि सगुणमामा आमच्या हायर सेकंडरीत आला. टेस्ट ट्यूब धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्यांवर लेबलं लावायची, बुन्सेन बर्नरच्या नळ्या बदलायच्या. लेबल लावायच्या आधी तो प्रत्येक बाटलीचं बूच काढून हातानं वारा घालत वास घ्यायचा. आम्हाला वाटायचं, बिचारा, अजून आशेवर आहे.

आता त्या कोर्सविषयी सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही, आणि सांगितल्यावर हात धुवावेसे वाटतील.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे 'स्वतंत्र संशोधन' नावाचा प्रगत कोर्स सुरू झाला. अकरावीतली निवडक बारा मुलं घ्यायची, दोघादोघांनी एक विषय निवडायचा, स्वतः निरीक्षणं घ्यायची, लॉगबुक लिहायचं, शेवटी बाहेरच्या परीक्षकांपुढं उभं राहायचं. पहिल्या तीन प्रकल्पांना बंगळुरूला पंधरा दिवसांचं शिबिर. शिकवायला अनंत सर. सरांच्या ओठांच्या कोपऱ्यात बोलताना पांढरा फेस जमतो आणि 'प' आला की पहिल्या बाकावर पोचतो. "मुलांनो, स्वतंत्र म्हणजे काय? स्वतंत्र म्हणजे, मी पाठवलेल्या नमुन्यात, पण स्वतःच्या शब्दांत. प्रस्तावना, पद्धती, परिणाम, निष्कर्ष. निष्कर्ष आधी लिहून ठेवा, म्हणजे वाट चुकत नाही." हे ते गंभीरपणे सांगायचे आणि आम्ही गंभीरपणे लिहून घ्यायचो.

आमच्या आधीच्या तुकडीनं काय दिवे लावले होते ते सगळ्यांना माहीत होतं. दोन मुलींनी 'मोबाईलचा तरुणांवरील परिणाम' यावर दोनशे लोकांचं सर्वेक्षण केलं. ते दोनशे लोक कँटीनच्या एका टेबलावर, एका सुट्टीत, चार रंगांच्या पेनांनी जन्माला आले. पन्नास डाव्या हातानं लिहिलेले, म्हणजे अक्षर वेगळं दिसावं. बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्या विशालकडे जुने प्रकल्प कॉम्प्युटरवर पडलेले असतात, नाव बदलून छापून मिळतात. 'प्लॅस्टिक: एक शाप' हा प्रकल्प तीन वर्षं तीन शाळांत गेला आणि तिन्ही वेळा शेवटच्या पानावर "माझी आत्या प्रेमलता हिचे विशेष आभार" तसंच राहिलं. तिन्ही वेळा प्रमाणपत्र मिळालं. ही प्रेमलता कोणाची आत्या, ते अजून कोणाला माहीत नाही.

माझा जोडीदार गौरेश. तो हुशार आहे, म्हणजे कमीत कमी हालचालीत जास्तीत जास्त मार्क. पण विषय मात्र आम्ही स्वतः काढला होता आणि तो चांगला होता, हे मी अजूनही म्हणेन. डिचोलीच्या नुस्त्याच्या बाजारामागून, म्हणजे मासळीबाजाराच्या पाठीमागून, एक व्हाळ, छोटा ओढा, जातो. एकेकाळी त्यात लोक पाय धुवायचे, असं आई सांगते. आता त्यात पाय घातला तर पाय धुवावा लागेल. आम्ही ठरवलं, बाजाराच्या वरच्या बाजूला एक बाटली भरायची, खालच्या बाजूला एक. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेअकराला, मधल्या सुट्टीत. असे आठ आठवडे. त्यात निळ्या रंगाचे चार थेंब टाकून बूच घट्ट लावायचं. पाणी जेवढं घाण तेवढा रंग लवकर उडतो. स्वच्छ पाण्यात निळा दिवसेंदिवस टिकतो. किती तासांत उडाला ते लिहायचं, बस. प्रत्येक ओळीपुढं एक रकाना होता: 'नमुना प्रयोगशाळेत मिळाला', आणि त्यात लॅब अटेंडंटची सही.

पहिला आठवडा आम्ही खरा केला. तो मी विसरणार नाही. खालच्या बाजूला जायची वाट दोन भिंतींच्या मधून आहे आणि तिथं लोक लघवीला बसतात. पुढं थर्माकोलचे पेटारे फुटून पडलेले, त्यांच्यात बर्फाचं गुलाबी पाणी. व्हाळाच्या काठावर खवल्यांचा थर, इतका जाड की चप्पल घसरते. आतडी तरंगत येतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीला अडकून हळूहळू हलत राहतात, जणू आपल्याला काही सांगायचंय. वर कावळे. एक मांजर, तिला काही नको होतं, इतकं तिचं पोट भरलेलं. बाटली बुडवायला वाकावं लागतं आणि वाकलं की तोंड पाण्यापासून वीतभर. गौरेशनं बुधवारी तिथंच सकाळचा पाव व्हाळाला परत केला. शुक्रवारी तो भिंतीच्या अलीकडेच उभा राहिला आणि म्हणाला, "सिद्धी, तू जा. मी वेळ लिहितो."

दुसऱ्या आठवड्यात मीही भिंतीच्या अलीकडेच राहिले.

पुढचे सगळे आठवडे आम्ही गौरेशच्या ओट्यावर बसून भरले, एका दुपारी. तो आकडे सांगायचा, मी लिहायची, मध्ये पेन बदलायचं, दोनचार ठिकाणी चहाचे डाग. वरचं पाणी चांगलं, खालचं वाईट, एवढं तर कोणीही सांगेल. पण गौरेशला त्याहून सुंदर काहीतरी हवं होतं. "आलेख हलला पाहिजे गो. रविवारी बाजार फुल्ल असतो. म्हणजे घाण साचते. म्हणजे सोमवारी सगळ्यात वाईट. मग बुधवारी थोडं बरं, शुक्रवारी आणखी बरं. निष्कर्ष: आठवडाअखेरचा भार." त्यानं 'भार' असा म्हटला की मलाही पटला. आम्ही सोमवारी खालच्या पाण्याचा रंग तीन तासांत उडवला. सातही सोमवारी. पहिल्या, खऱ्या सोमवारचा आकडा वेगळा होता, तो आम्ही अपवाद धरला.

शेवटच्या आठवड्याच्या बाटल्या लॅबच्या कपाटात जमा करायच्या होत्या, परीक्षकांना दाखवायला. गौरेशनं त्या घरी भरल्या. वरच्या बाजूचं म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी, त्यात चिमूटभर माती. खालच्या बाजूचं म्हणून त्याच्या आईनं बांगडे धुतलेलं पाणी, तीन दिवस परसात उन्हात ठेवलेलं. मी म्हटलं, सगुणमामा वास घेतो बाटल्यांचा. गौरेश हसला. "घेऊ दे. घेऊन करणार काय? तूच ना स्टेजवर दाखवलंस?"

शुक्रवारी आम्ही सहा बाटल्या आणि लॉगबुक त्याच्यापुढं ठेवलं. पुढच्या शनिवारी परीक्षक मॅडम मडगावहून यायच्या होत्या. सगुणमामानं चष्मा लावला, पानं उलटली. पहिल्या आठवड्याच्या सहा ओळींवर त्याच्या सह्या होत्या. पुढं रकाना रिकामा.

"मामा, सह्या राहिल्यात," मी म्हटलं. "तुम्ही त्या वेळी जेवत होता, म्हणून आम्ही कपाटावर ठेवून गेलो."

"सात आठवडे जेवतंय मी?"

गौरेश म्हणाला, "म्हणजे, बहुतेक वेळा."

सगुणमामानं 'सोमवार, खालची बाजू' असं लिहिलेली बाटली उचलली. बूच काढलं. हातानं वारा घातला. नाक डावीकडे दुमडलं. मग ते परत सरळ झालं, आणि ते मला जास्त वाईट वाटलं.

"गौरेश, तुमच्या घराक सोमवारी नुस्ता करतत?"

"नाही मामा. सोमवारी शिवराक."

"बाय, तुमच्याकडे?"

आमच्याकडेही सोमवारी शाकाहारीच असतं. ओळखीच्या कोणाकडे नसतं?

"मगे," सगुणमामा म्हणाला, "अर्धी डिचोली सोमवारी शिवराक. बाजारात चारपाच टोपल्यो. अकरांपर्यंत कोळणी घराक जातत आणि पालिकेचो माणूस फिनेल मारून जमीन धुता. आठवड्यातलो एकच दिवस त्या व्हाळाक जरा श्वास गावता. आणि तुमच्या वहीत सातय सोमवारी सगळ्यात वायट." त्यानं बाटली गौरेशच्या नाकाखाली नेली. "घे वास. घाबरू नको, तुमच्याच घरचा आसा. व्हाळात हळद कोण घालता रे?"

गौरेशच्या आईनं बांगड्यांना हळदमीठ लावून ठेवलं होतं आणि मग धुतले होते. मी बाटली उजेडात धरली. तळाला पिवळी रेघ होती.

जन्मापासून दर सोमवारी डाळभात जेवलेली दोन माणसं आम्ही. आणि आम्ही सोमवारी बाजार भरवला होता.

मला तेव्हा लाज वाटली नाही. खोटं कशाला सांगू? राग आला. अख्खी शाळा प्रेमलता आत्याचे आभार मानते, आणि हा माणूस आमच्याच बाटलीत नाक घालतो. मी धावत अनंत सरांकडे गेले आणि सांगितलं की सगुणमामा सही करत नाही. का, ते नाही सांगितलं. सरांनी विचारलंही नाही.

सर लॅबमध्ये आले. "सगुण, काय लावलंयस? पोरांचं नुकसान होईल. एक सही तर आहे."

"सर, ह्या पाणी व्हाळाचा न्हय."

"तू केमिस्ट आहेस का? तुझं काम पोच द्यायचं. बाटली आली, सही केली." मग सरांनी आवाज उतरवला, म्हणजे शेवटच्या बाकाऐवजी दुसऱ्या बाकाला ऐकू जाईल इतका. "मे महिन्यात रिटायर होतोयस. पुढं दोन वर्षं तुला ठेवून घ्यावं म्हणून प्रिन्सिपलना पत्र मीच लिहिलंय. माझ्या टेबलावर आहे. पाठवायचं का, ते बघतो मी."

सगुणमामाला ती दोन वर्षं हवी होती. सर्वणला घरी बसून तो काय करणार? बायको त्याला आताच म्हणायची, रविवारी घरात असलास की डबेच हुंगत फिरतोस. सर गेल्यावर त्यानं बेसिनमध्ये हात धुतले, साबण लावून, कोपरापर्यंत. मग आमच्याकडे पाठ ठेवूनच बोलला.

मायनीचा माल बार्जात भरतात त्या जेटीवरची गोष्ट होती. ढिगाचा वरचा थर चांगल्या मालाचा आणि आत कमी प्रतीचा, असं एकदा झालं. सुपरवायझर म्हणाला, वरवरचंच घे, जहाज मुरगावला थांबलंय, घाई आहे. सगुणमामानं वरवरचं घेतलं आणि चिठ्ठीवर सही केली. एकदा नाही, तीनदा. जहाज पलीकडच्या देशात पोचलं तेव्हा माल कमी निघाला आणि चौकशी आली. पण तोपर्यंत चिठ्ठ्या कुठं होत्या, कोणाला ठाऊक. दोष आला निलेश नावाच्या पोरावर, नवा सँपलर, लग्नाला सहा महिने झालेले. त्याला घरी बसवला. "मी बोललंय नाय," सगुणमामा म्हणाला. "चौथ्या खेपेक सही करूक सांगल्यानी, तेव्हा नाय म्हटलंय. मगे माका गेटार ट्रक मोजूक बसवल्यानी. पण निलेश गेल्लो तो गेल्लो." तो वळला. "ढिगाक वास नसता गो. लोखंडाक वास नसता. तरी त्या चिठ्ठ्यांचो वास माका अजून येता. आणि तुमी म्हणतास, ह्या माणसाक नाक नाय."

गौरेश खाली बघत होता. मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "एवढं नाक आहे तर पैज लावा."

"कसली?"

"डोळे बांधून. मी व्हाळाच्या खऱ्या बाटल्या आणते, वेगवेगळ्या दिवसांच्या. तुम्ही नुसत्या वासावरून दिवस सांगायचा. एक जरी चुकला तर वहीवर सही. सगळ्या ओळींवर."

"आणि चुकलंय नाय तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

त्यानं थोडा विचार केला. "तर ही वही फाडायची. परीक्षकांका तूच सांगायचा, कित्या फाडली ता. आणि आठ आठवडे पयल्यापासून."

"चालेल," मी म्हटलं. गौरेशनं माझा हात दाबला, पण उशीर झाला होता. पैज लावताना मला वाटलं, मीच शहाणी. खऱ्या बाटल्या आणायच्या म्हणजे खरंच व्हाळावर जावं लागणार, हे घरी जाऊन पायरीवर चप्पल काढताना लक्षात आलं. सगुणमामाच्या ते आधीच लक्षात आलं होतं. त्यानं जाताना कपाटातून चार स्वच्छ बाटल्या आणि निळ्या रंगाची छोटी बाटली काढून माझ्या हातात दिली होती.

रविवारी गेले. सोमवारी गेले. बुधवारी, शुक्रवारी गेले. गौरेश भिंतीच्या अलीकडे उभा राहिला, पण आला तरी. रविवारी सुंगटांच्या, म्हणजे कोळंब्यांच्या सालांचा राखाडी ढीग व्हाळात अर्धा बुडलेला होता आणि त्यावर माश्यांचा एक वेगळाच काळा ढीग. बुधवारी आठवड्याचा बाजार, त्यामुळे माशांच्या आतड्यांबरोबर कुजकी कोबी, कोथिंबिरीच्या काड्या, भिजलेली केरसुणी. शुक्रवारी मी वाकले आणि ओढणीचं टोक पाण्यात गेलं. ते पिळून परत खांद्यावर टाकावं लागलं, दुसरा उपाय नव्हता. प्रत्येक वेळी घशाशी आलेलं गिळून मी बाटली भरली आणि घरी अर्धं पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून त्यात निळा रंग टाकला. का टाकला? पैजेत तर ते नव्हतं. सवय लागली असेल.

रविवारचा निळा रंग दुपारच्या चहाआधी उडाला. बुधवारचा आई जेवायला वाढेपर्यंत. सोमवारची बाटली मात्र खिडकीत निळीच राहिली. मंगळवारी निळी, बुधवारी निळी, गुरुवारी फिकी निळी. त्या बाटलीकडे बघून मला जी शिसारी आली, ती व्हाळाची नव्हती. आम्ही त्या बिचाऱ्या सोमवारला सात वेळा तीन तासांत मारलं होतं.

तरी पैज ती पैज. शनिवारी सकाळी मी पाच बाटल्या घेऊन लॅबमध्ये गेले. चार व्हाळाच्या, आणि पाचवी माझी युक्ती. लेबलं काढली, बुडाला बारीक खुणा केल्या. पैजेचं ऐकून अनंत सरही आले होते, मॅडमची गाडी यायला अर्धा तास होता. पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी करून ठेवलेलं दिसत होतं, ते त्यांनी दिसावं म्हणूनच ठेवलं होतं. बांधायला काही मिळेना, म्हणून मी माझी ओढणी काढून सगुणमामाच्या डोळ्यांवर बांधली. तो त्याच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला.

पहिली बाटली. हाताचा वारा. नाक डावीकडे.

"सुंगटांची सालां. आयतवार. आणि शिळा आसा, सहा दिवसांचा."

दुसरी.

"कोबी. बुधवार." ओठ नाकामागून गेला. "केरसुणी पण पडली काय गो व्हाळात?"

गौरेशनं माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं गप्प केलं.

तिसरीवर तो थांबला. दोनदा वारा घातला. सर पुढं सरकले.

"हेका वास कमी," सगुणमामा म्हणाला. "जरा फिनेल. झेंडूची फुला, देवळातली. ह्यो सोमवार." तो पहिल्यांदाच हसला. "बघलंस? गरीब बिचारो."

चौथी शुक्रवार, बांगडा आणि बर्फ, ती त्यानं नाकाजवळ नेण्याआधीच सांगितली. उरली पाचवी. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. मला खात्री होती की चार दिवस झाल्यावर तो पाचवा दिवस शोधत बसणार, मंगळवार म्हणेल, गुरुवार म्हणेल. मी बूच काढून ती त्याच्या हातात दिली आणि श्वास धरला. वासामुळेही.

सगुणमामानं ती नाकाशी नेली आणि लगेच लांब केली.

"ह्यो वारच न्हय," तो म्हणाला. "ही गौरेशच्या आवशीची. हळद अजून आसा."

सरांनी खिशावर हात ठेवला. आणि बाहेर निघून गेले. ते पत्र प्रिन्सिपलच्या टेबलावर पोचलंच नाही. एकतीस मेला सगुणमामाला शाल आणि श्रीफळ मिळालं, आणि लॅव्हेंडरचा फवारा मारलेल्या हॉलमध्ये तो नाक दुमडून बसला होता. पण ते नंतरचं.

त्या सकाळी त्यानं ओढणी सोडली. जुनी वही मी फाडली, पहिला आठवडा सोडून, कारण ते सहा नमुने खरे होते. मग नव्या पानावर मी तारखा आणि तास लिहिले, आणि चार ओळींपुढं त्यानं सावकाश, पूर्ण नाव लिहून चार सह्या केल्या. पाचवी ओळ मी लिहिलीच नव्हती. बाहेर गाडीचं दार वाजलं.

"जा," तो म्हणाला. "मॅडम इली. काय सांगूचा ता ठरला मा?"

मी मान हलवली. बंगळुरू तिथंच, त्या स्टुलापाशी संपलं. सगुणमामानं ओढणीची नीट घडी केली, माझ्या हातावर ठेवली आणि नाक दुमडलं.

"आणि घराक जावन ही धू गो बाय. माझे डोळे बांधलंस खरे, पण चौथ्या बाटलीच्या आदीच माका शुक्रवार कळलेलो. तुझ्या पदराकच होतो."